लोणसाळीचा वाटा

जबल अली, ८ जानेवारी १९९६

ती. कुंदाताईस दत्तूचा नमस्कार.

पोचलो. तू दिलेलं बियाणंही पोचलं, त्याची गंमत आधी सांगतो. विमानतळावर कस्टमवाल्याने बॅग उघडायला लावली. दोन पायल्या भात, तेही सालीसकट, जुन्या फडक्यात बांधलेलं. तो बघतच राहिला. म्हणाला, "हबीबी, दुबई में चावल खलास?" मागच्या रांगेतले सगळे हसले, मग मीही हसलो. खरं तर तुझा राग आला होता.

अण्णांच्या वर्षश्राद्धाला आलो तेव्हा जमिनीची वाटणी करायची नाही, हे आपण दोघांनी दोन मिनिटांत ठरवलं. तू माहेरी परत आल्यापासून जमीन तूच कसतेस, तूच कस. पण बियाण्याची वाटणी तू सोडली नाहीस. कणगीतून लोणसाळ, आपलं पिढ्यांचं भात, काढलीस, पायलीने मापलीस, निम्मी तुझी, निम्मी माझी. मी म्हटलं, "अगं, मी चौथ्या मजल्यावर फ्लॅटमध्ये राहतो." तर तू अण्णांचं वाक्य तोंडावर फेकलंस, "बियाणा एका घरात ठेवूचा नसता." एका घरातलं बी कुजलं, जळलं, तर दुसऱ्या घरातून यावं. रीत चांगली आहे. फक्त ज्याने ती घातली त्याला दुबई माहीत नव्हती.

आता माझं ऐक. येत्या पावसाळ्यात सगळ्या कुणग्यांत, एकही भातखाचर न सोडता, शेती खात्याचं सुधारित बियाणं लाव. दुप्पट पिकतं आणि वाऱ्याने आडवं पडत नाही. मुणगा, वालय, बेळा ही जुनी भातं सगळ्यांनी केव्हाच सोडली. तू एकटीच लोणसाळीला धरून बसली आहेस. भात चिकट होतो, मोदकाची पारी फाटत नाही, बाळंतिणीला पेज मानवते, एवढ्यावर शेती चालत नाही. झऱ्याकडचा पाणथळ कुणगाही वगळू नकोस. मी तांदळातलाच माणूस आहे.

'दत्तू दुबईत तांदूळ निवडतो' असं तू गावात सांगतेस, हे माझ्या कानावर आलं. अगदीच खोटं नाही. गोदामात माल आला की पोत्यात परखी, म्हणजे पोकळ सळई, खुपसून नमुना काढायचा. दाणा मोजायचा, तुकडा मोजायचा, शिजवून बघायचं. शितावरून भाताची परीक्षा, आणि तिचाच पगार. प्रत्येक मालाचा नमुना डब्यात भरून, तारीख घालून थंड खोलीत ठेवायचा. माल जगात कुठेही जावो, त्याचा मूठभर पुरावा माझ्याकडे राहतो. ही सवय आता इतकी हाडात गेली आहे की परवा अनुराधाने आणलेल्या साखरेचाही नमुना काढत होतो.

शुभ्रा सहा वर्षांची झाली. तुझी आठवण काढते, पण इंग्रजीत.

तुझा,
दत्तू


जबल अली, २० जुलै १९९६

ताई,

सगळ्या कुणग्यांत सुधारित लावलंस हे वाचून बरं वाटलं. तुझ्या वाट्याची लोणसाळ कणगीत ठेवलीस, तेही ठीक. इथे सत्तेचाळीस अंश चालू आहे. नळाला गार पाणी येत नाही, ते बादलीत भरून आधी निववावं लागतं.

बियाणं बरं आहे ना, असं तू एकाच पत्रात दोनदा विचारलंस. बरं आहे. मध्ये त्यात टोके, ते काळे किडे, झाले होते. ओट्यामागच्या भिंतीवरून त्यांची दिंडी निघाली तेव्हा अनुराधा म्हणाली, "एक तर हे राहील, नाही तर मी." मग टोक्यांचा बंदोबस्त केला. बियाणं आता माझ्या ऑफिसातल्या कपाटात आहे. औषधालाही किडा नाही.

दुसरं काय लिहू? तुझ्या गुडघ्याला तेल पाठवतो आहे. जिरव, नुसतं लावू नकोस.

दत्तू


जबल अली, ११ मे १९९७

ताई,

तुझं पत्र वाचलं. गेल्या पावसात पागोळीचं पाणी कणगीत उतरलं आणि तुझी लोणसाळ काळी पडली, हे तू इतक्या उशिरा का कळवलंस? सुधारित भात इतर कुणग्यांत बरं आलं, पण झऱ्याकडच्या पाणथळीत मुळासकट कुजलं, हेही आताच कळतंय. माझा सल्ला चुकला असं तू लिहिलं नाहीस. लिहिलं असतंस तरी चाललं असतं.

तर रीत खरी ठरली. एका घरातलं बी गेलं, दुसऱ्या घरातून येतं आहे. आमच्या लॅबमधला सतीश कुडाळला सुटीवर निघाला आहे, त्याच्याबरोबर दोन्ही पायल्या पाठवतो. गणपतीआधी वाफ्यात तरवा हिरवागार दिसेल, यंदा देवळात नव्याचा भात पुन्हा आपल्या कुणग्यातला जाईल, असं तू लिहिलंस. जाईल की.

एक मात्र कर. बी दीड वर्षाचं आहे, जरा दाट पेर. सगळंच उगवेल असं नाही. बियाणंही म्हातारं होतं. कमीजास्त झालं तर मन खट्टू करून घेऊ नकोस.

दत्तू


जबल अली, २ ऑगस्ट १९९७

कुंदाताई,

तुझं कार्ड मिळालं. पाकीट घेतलं नाहीस, कार्ड घेतलंस, म्हणजे आपल्या पोस्टमनपासून इथल्या ऑफिसबॉयपर्यंत ज्याला मराठी येतं त्याने ते वाचलं.

"एक कोंब नाही. वाफा तीन वेळा चाळला. तू बी खाल्लंस आणि मला गोदामातलं कसलंतरी भात पाठवलंस."

बी खाल्लेल्या घराला आपल्याकडे काय म्हणतात ते तुलाही ठाऊक आहे आणि मलाही. पणजोबांच्या वेळच्या दुष्काळात माणसं कंदमुळं उकडून जगली, पण कणगीला हात लावला नाही, ही गोष्ट आपण दोघांनी एकाच मांडीवर बसून ऐकली आहे. आणि तू मला बी खाणारा ठरवलंस. माझ्या गोदामात दोन हजार टन तांदूळ पडला आहे ताई. तुझ्या दोन पायल्यांनी माझं पोट भरायचं होतं?

मी पाठवलं ते आपलंच बी होतं. त्यातला एक दाणा माझ्या, अनुराधाच्या किंवा शुभ्राच्या पोटात गेला असेल तर मला देव विचारो. शपथेवर सांगतो. आणखी काही सांगायचं नाही.

दत्तप्रसाद


दुबई, २ एप्रिल १९९९

कुंदाताई,

हे सहावं पत्र. आधीच्या पाचांचं उत्तर नाही. पत्रं परत येत नाहीत, म्हणजे तू घेतेस. तेवढं बरं आहे.

अनुराधा आणि शुभ्रा पुण्याला गेल्या. शुभ्राची शाळा, तिच्या आजोळचा आधार, अशी कारणं आहेत आणि ती खरी आहेत. मी आता एका खोलीत राहतो. शुक्रवारी सुटी असते. सकाळी पुण्याला फोन लावतो. शुभ्रा म्हणते, "आय ॲम फाइन, बाबा. हाउ आर यू?" मीही फाइन म्हणतो. मग फोन अनुराधाकडे जातो आणि आम्ही गॅस सिलिंडर, डॉक्टर, रिक्षावाले यांच्यावर बोलतो. त्यानंतर शनिवार सकाळपर्यंत माझ्याशी कोणी बोलत नाही.

गेल्या शुक्रवारी मी उकडीचे मोदक करायला बसलो होतो. हसू नकोस. उत्तम बासमतीची पिठी घेतली. पारी करायला गेलो की फाटते, चिमटीत धरली की सुटते. अकरा मोदकांचा चुरा वाटीत घेऊन चमच्याने खाल्ला. आमच्या धंद्यात शिताला शीत लागता कामा नये. शिजलेला दाणा जितका एकटा, तितका त्याला भाव. मीच ते प्रमाणपत्र देतो, रोज वीस-पंचवीस.

कुणग्यात काय लावलंस? एवढं तरी कळव.

दत्तू


दुबई, १८ ऑक्टोबर २००२

ताई,

पत्र लिहायचं सोडून दीड वर्ष झालं होतं. आज एका माणसामुळे लिहितो आहे.

बंदरावर नव्या क्रेन आल्या आहेत. त्या जोडायला चीनहून माणसं आली, त्यांची जेवणाची जागा आमच्या गोदामाला लागून आहे. त्यात वू नावाचा एक फिटर आहे, पन्नाशीचा, ठेंगणा. चार वर्षं आखातात असल्याने मोडकी हिंदी, मोडकं इंग्रजी असं मिळून त्याचं बरं चालतं. एक दिवस तो लॅबच्या दारात ताट घेऊन उभा राहिला. ताटात आमचाच लांब दाण्याचा भात. बोटाने एकेक शीत बाजूला करत म्हणाला, "दत्ताभाई, दिस राइस नो फ्रेंड. वन, वन, वन."

मी चार वर्षांत पहिल्यांदा मोठ्याने हसलो असेन. त्याला बसवलं आणि चहा दिला.

तो डोंग जमातीचा आहे. चीनच्या दक्षिणेकडे डोंगरात त्यांची गावं आहेत. हे लोक चिकट भातावर जगतात. टोपलीतून हाताने घेतात, मुठीत दाबतात, आंबवलेल्या माशाबरोबर खातात. पाहुणा आला तरी तेच, मयताच्या पुढ्यातही तेच. वूच्या आईकडे अकरा जातींचं चिकट भात होतं. हाताच्या बोटांवर तो नावं सांगत होता, बोटं संपली तेव्हा माझं एक बोट धरलं. डोंगराच्या सावलीत थंड झऱ्याचं पाणी पडतं त्या शेताला वेगळं भात, उन्हातल्या शेताला वेगळं, लाल सालीचं वेगळं. रोप छातीइतकं उंच. तळहातात मावणाऱ्या पात्याने एकेक लोंबी कापायची आणि लाकडी मांडवावर वाळत टांगायची.

"नाऊ?" मी विचारलं.

"नाऊ टू." त्याने दोन बोटं दाखवली. "गव्हर्नमेंट बोला, न्यू सीड, बहुत राइस. सच बोला, बहुत राइस. यंग पीपल सब फॅक्टरी. वन-वन कटिंग कौन करेगा? मदर ओल्ड."

सरकारी माणूस त्यांच्या घरी हे सांगायला आला तेव्हा वू त्याच्याच बाजूने आईशी भांडला होता. हे त्याने चहाचा कप खाली ठेवून सांगितलं. मी त्याच्या कपात पुन्हा चहा ओतला.

मग म्हणाला, दोन राहिली तीही बहिणीमुळे. तिच्या लग्नात आईने बियाणं बरोबर दिलं होतं. आईचं बुडालं तेव्हा बहिणीच्या घरून परत आलं. "सीड, वन हाउस नो गुड," तो म्हणाला.

ताई, हे ऐकून मला लॅबमध्ये बसवेना. बाहेर जाऊन पोत्यांच्या थप्पीला टेकून उभा राहिलो. मला तुला काहीतरी सांगायचं आहे. आज हात धजत नाही.

दत्तू


दुबई, २८ फेब्रुवारी २००३

ताई,

हे पत्र उभ्याने वाचू नकोस, बस.

तू लिहिलं होतंस, मी बी खाल्लं. मी बी खाल्लं नाही. मी ते मारलं.

जुलै ९६ मध्ये टोके झाले तेव्हा मी पुरचुंडी गोदामात नेली. त्या दिवशी थप्प्यांवर ताडपत्री घालून विषारी गॅसची धुरी द्यायची होती. किड्यांसाठी ती आम्ही नेहमीच देतो. तांदूळ नंतर वारं दिलं की खायला चालतो, पण दाण्यातला जीव त्या गॅसने जातो. आमचा फोरमन हनीफ म्हणाला, "साब, ये भी अंदर डाल दूँ? एक ही थैली है, यल्ला, खलास." हनीफचा दोष नाही. त्याला ते भात दिसलं. मला बी दिसायला हवं होतं. मी स्वतःच्या हाताने ती पुरचुंडी ताडपत्रीखाली ठेवली. धुरीचा एक छापील फॉर्म असतो. त्यात एक ओळ आहे: माल बियाण्याचा आहे का? असल्यास धुरी देऊ नये. मी रोजच्यासारखं 'नाही' लिहिलं आणि खाली सही केली.

तिसऱ्या दिवशी ताडपत्री काढताना आठवलं. तेव्हाच तुला लिहायला हवं होतं. तुझी कणगी भरलेली होती, तू चार शिव्या घालून मोकळी झाली असतीस. मी लिहिलं, 'टोक्यांचा बंदोबस्त केला.'

याहून वाईट पुढेच आहे. ९७ साली तू बी मागितलंस तेव्हा मी वीस दाणे ओल्या रुमालात ठेवून बघितले. आठ दिवस बघितले. एकही रुजला नाही. तरीही सतीशच्या हाती दोन्ही पायल्या दिल्या आणि तुला सांगितलं, दाट पेर. मला वाटलं होतं, तू पावसाला दोष देशील, नाही तर बियाण्याच्या वयाला. तू मेलेलं बी पेरून तीन वेळा वाफा चाळत बसशील, हे माझ्या डोक्यात आलं नाही असं लिहिणार होतो. आलं होतं.

मग तू 'खाल्लंस' असं लिहिलंस आणि मी सुटलो. तुझा आरोप खोटा होता, मला रागवायला जागा मिळाली. साडेपाच वर्षं मी त्या रागाच्या आडोशाला बसलो आहे. एक दाणा खाल्ला नाही ही शपथ खरी होती, म्हणून ती घेताना जीभ अडली नाही.

आता दुसरी गोष्ट. गेल्या महिन्यात थंड खोली साफ करायचा हुकूम आला. सहा महिन्यांवरचे नमुने यादी बघून फेकतात. मागच्या फळीवर एक डबा निघाला, त्याचा नंबर कुठल्याच यादीत नव्हता. म्हणून इतकी वर्षं कोणी फेकला नाही. वर माझं अक्षर: 'लोणसाळ, कुंदाताई. धुरीपूर्वी. १३-७-९६.' मला हे अजिबात आठवत नव्हतं. पुरचुंडी ताडपत्रीखाली सारण्याआधी मी सवयीने तिचा नमुना काढून ठेवला होता. अर्धा किलो असेल.

डबा घेऊन वूकडे गेलो. त्याने झाकण उघडून वास घेतला, एक दाणा सोलून दातांत धरला आणि डोळे मिटले. चार वर्षांत त्याने चिकट भात खाल्लेला नाही. मी म्हटलं, "एक मूठ शिजवू या का?" त्याने डबा माझ्याकडे सरकवला. "नो ईट. सीड."

वीस दाणे आम्ही ओल्या कापडात गुंडाळून त्याच्या जेवणाच्या डब्यात ठेवले. तो रोज दुपारी पाणी शिंपडायचा आणि मला बोलवायचा. तीन दिवस काही नाही. मी त्याला म्हटलं, "खलास, वू. मेलं आहे." तो म्हणाला, "ओल्ड. ओल्ड स्लो." सहाव्या दिवशी कापड उलगडलं तर दोन पांढरे कोंब होते. दहाव्या दिवशी नऊ. विसांत नऊ, ताई. मी तिथेच बाकावर बसून रडलो. वूने पाठीवर हात ठेवला.

त्याला मूठभर दिलं. आपलं बी त्याच्या आईकडे जाईल. विचारायला हवं होतं, पण मला तिसरं घर हवंसं वाटलं. बाकी सगळा डबा सतीशच्या हाती पाठवतो आहे. निम्म्याहून जास्त उगवणार नाही, हे या वेळी खरं सांगतो. झऱ्याकडच्या कुणग्यात लाव, नाही तर कोंबड्यांना घाल. तुझा हक्क आहे. मला माफ कर असं लिहायला जमत नाही. मी माझा वाटा ठेवून घेतलेला नाही. मला तो ठेवता येत नाही, हे सिद्ध झालं आहे.

दत्तू


दुबई, १९ डिसेंबर २००३

ताई,

वू मे महिन्यात गावी परत गेला. जाताना पासपोर्टच्या पाकिटात आपलं बी घालून घेतलं होतं. त्यानंतर दुपारचा चहा मी पुन्हा एकटाच घेतो. तुझं उत्तर येईल म्हणून जूनपासून पेटी उघडत होतो. दिवाळीनंतर सोडून दिलं.

काल सतीश सुटीवरून परत आला. लॅबमध्ये सगळ्यांना खाजं वाटलं, आंबोळीचं पीठ कोणाला, कोकम कोणाला. माझ्या टेबलावर एक पुरचुंडी ठेवली. मी म्हटलं, "पत्र?" म्हणाला, "पत्र नाही दिलं हो. मला म्हणाल्या, आत ये. आणि माझ्यासमोर पायलीने मापायला बसल्या. निम्मं त्यांनी कणगीत ओतलं, निम्मं हे."

सतीश सांगत होता, कुणगा छातीइतका वाढला होता आणि तू विळा न लावता लोंब्या हाताने खुडल्यास, गुडघा दुखत असताना. हे तुला वूबद्दलच्या माझ्या पत्रातून कळलं की मुळातच ठाऊक होतं, मला माहीत नाही.

पुरचुंडी सवयीने काट्यावर ठेवणार होतो. मग नाही ठेवली. गाठ सोडायला गेलो तेव्हा फडक्यावर शिवलेली चिठ्ठी दिसली. निळ्या शाईत तुझं अक्षर, साडेसहा वर्षांनी.

'धुरी देऊ नये.'

नाही देणार, ताई.

तुझा,
दत्तू